वगळलेला डी ड्राइव्ह

बाबांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा हॉस्पिटलमधल्या एका नर्सने सुचवलं, ‘त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. नंतर घरच्यांना बरं वाटतं.’ मला तिचा रागच आला. आवाज म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला? आईने मात्र मनावर घेतलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिने माझा मोबाइल बाबांसमोर धरला आणि म्हणाली, ‘बोला.’

बाबा मुळातच कमी बोलणारे, ते काय बोलणार? सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत ते डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, दशक्रियेच्या पत्रिका. समोर एका गिऱ्हाइकाच्या पत्रिकेचं प्रूफ पडलं होतं, ते त्यांनी उचललं आणि वाचायला लागले. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून...’ कोण कुठली वधू, कोण कुठला वर, निफाडचं कार्यालय, कृपया आहेर आणू नये, सगळं साग्रसंगीत. मध्येच थांबून म्हणाले, ‘अगं, दार वाजतंय, बघ.’ आणि पुन्हा वाचायला लागले. बाबांचा आवाज म्हणून आमच्याकडे एवढंच राहिलं.

ते रेकॉर्डिंग बाबांनी स्वतः कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर घेतलं, त्यांचं सगळं काम तिथेच असायचं. पेन ड्राइव्हवरही एक कॉपी केली आणि तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या मागे कायमचा खोचून ठेवला, म्हणजे हरवायला नको. मी पुढे मोबाइल बदलला, जुना दुकानात देऊन टाकला. काळजीचं कारणच नव्हतं.

ऑपरेशननंतर रोज दुपारी, भांडी आवरली की आई म्हणायची, ‘लावा हो.’ गळ्याभोवती सुती कापड बांधलेले बाबा माउस हलवायचे आणि स्वतःचाच आवाज लावून द्यायचे. दाराचं ते वाक्य आलं की आई ओट्यापासून म्हणायची, ‘बघते हो.’ पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी गॅलरीत जाऊन रडले होते. नंतर सवय झाली. माणूस कशालाही सरावतो.

मागच्या लग्नसराईत एका सकाळी बाबांचा मेसेज आला, ‘फाइल उघडत नाही. ये.’ मी गंगापूर रोडला राहते. काम टाकून तशीच गेले. डी ड्राइव्हमधल्या प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक विचित्र शेपूट लागलं होतं. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी. पैसे भरा, मग उघडून देतो. बाबांना ती जाहिरात वाटली होती. पैसे भरायला चिठ्ठीत दिलेली वेबसाइट उघडून पाहिली, तर तीही बंद पडलेली. आदल्या दिवशी गिऱ्हाइकं आपापले पेन ड्राइव्ह लावून गेली होती. ‘काका, लय घाई हाय, यातूनच मॅटर घ्या,’ असं म्हणणाऱ्यांची त्या दिवसांत रीघच असते. त्यातल्या कुणाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, हे शोधून काय उपयोग?

कॉम्प्युटरमध्ये सुरक्षेची सोय मुळातच असते, ती मी उघडली. क्विक स्कॅन केला. हिरवी खूण आली, धोका नाही. फुल स्कॅन लावला. आकडे सरकत राहिले. बाबा खुर्ची ओढून स्क्रीनकडे बघत बसले, आई उगाच चहावर चहा करत राहिली. शेवटी पुन्हा तीच हिरवी खूण. माझं डोकं फिरलं. खंडणीची चिठ्ठी ढळढळीत समोर दिसतेय आणि हे म्हणतंय सगळं आलबेल!

मग सेटिंगमध्ये शिरले. तपासणीतून वगळायच्या जागांची एक यादी असते. तिच्यात एकच नोंद होती. अख्खा डी ड्राइव्ह.

मी कॉम्प्युटरला ‘घर तपास, पण पुढच्या खोलीत जाऊ नकोस’ असंच सांगत बसले होते. आणि हे कुणी केलं, ते विचारायची गरज नव्हती. डीटीपीवाल्यांची ही रीतच आहे. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर विकत कोण घेतो? क्रॅक केलेली कॉपी हातोहात फिरते, सुरक्षा तिला व्हायरस समजून पुसून टाकते, म्हणून आधी तो ड्राइव्ह वगळायचा आणि मग फॉन्ट टाकायचे. एकाने दुसऱ्याला शिकवलेलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

मी भडकून वळले. बाबांनी प्रुफाच्या पाठकोऱ्या कागदावर आधीच लिहून ठेवलं होतं, ‘फॉन्टसाठी केलं होतं. सगळेच करतात.’ ते माझ्याकडे बघत नव्हते.

ती नोंद काढली, पुन्हा स्कॅन लावला. या वेळी लगेच लाल खूण आली. धोका सापडला, काढून टाकला, असं कॉम्प्युटरने सांगितलं. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या हातातून माउस घेतला आणि त्या रेकॉर्डिंगच्या फाइलवर क्लिक केलं. उघडली नाही. परत केलं, परत केलं. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं, ‘बाबा, चोर गेला. पण कुलूप त्याने लावलंय आणि किल्ली त्याच्याकडे आहे.’ मागे खोचलेला पेन ड्राइव्ह पाहिला. तिथेही तेच शेपूट. आईने ते रेकॉर्डिंग कधी कुणाला पाठवू दिलं नव्हतं. घरातली गोष्ट आहे, लोकांना कशाला, असं तिचं म्हणणं.

सगळं ऐकून आई शांतपणे म्हणाली, ‘जाऊ दे. माणूस आहे ना समोर.’ तिने ताटं घेतली, बाबांना वाढलं. जेवून बाबा आत जाऊन पडले. भिंतीकडे तोंड करून, पांघरूण न घेता. मला त्यांची दया येत होती आणि रागही जात नव्हता.

मी निघाले तेव्हा आई दारापर्यंत आली. मी चपला घालत होते, तिने माझा दंड घट्ट धरला.

‘ऐक ना,’ ती दबक्या आवाजात म्हणाली, ‘मघापासून आठवतेय मी. शब्द सगळे पाठ आहेत गं, पत्रिका अख्खी म्हणून दाखवते. पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतंय. त्यांचा कसा होता?’

मी सांगायला तोंड उघडलं. मलाही आठवेना.