पुणे ते पोखरा, जमिनीपासून तेरा सेंटिमीटर वर

शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४, सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं. हडपसरला दामले काकांच्या पार्किंगमध्ये मी फरशीवर आडवा पडलो होतो आणि एका लाल गाडीच्या पोटाखाली स्टीलची पट्टी उभी धरून अंतर वाचत होतो. तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेरा सेंटिमीटर आलं.

"तेरा म्हणजे पास का नापास?" काकांनी वरून विचारलं.

"सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर अकराचा आहे."

"म्हणजे पास."

"काठावर."

काकू पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या होत्या. "अहो, त्याला आधी चहा द्या. तो गाडीखालीच राहिला तर मी केलेले पोहे वाया जातील."

आधी माणसांची ओळख करून देतो. दामले काकांचा खोकी बनवण्याचा कारखाना होता. तो विकल्यावर त्यांनी ही दोन सीटची, कापडी छताची स्पोर्ट्‌स कार जुन्या गाड्यांच्या बाजारातून घेतली. काकूंचं त्या गाडीबद्दलचं मत एका वाक्याचं आहे: "त्या गाडीत बसत नाहीत, लोळतात." त्यामुळे त्या येणार नव्हत्या. मी सागर. बारावी अर्धवट सोडली, तेव्हापासून गॅरेजमध्ये काम करतो. काकांची गाडी आमच्याकडे येते आणि तिचं काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

काकांना स्वतः चालवत परदेशात जायचं होतं. पुण्यातून चाकांवर जाता येईल असा सोयीचा परदेश म्हणजे नेपाळ, म्हणून पोखरा ठरलं. सोबत मेकॅनिक हवा म्हणून मी. आणि मला काय हवं होतं, तर त्यांच्या इमारतीखालचा, त्यांच्याच मालकीचा रिकामा गाळा. स्वतःचं गॅरेज टाकायला मी दोन वर्षं जागा शोधत होतो. भाडं मला झेपणारं होतं, साठ हजारांचं डिपॉझिट झेपणारं नव्हतं. काका म्हणाले, "गाडी स्वतःच्या चाकांवर पोखऱ्याला जाऊन परत आली, तर डिपॉझिट माफ. टोइंग नाही, क्रेन नाही, ट्रक नाही. आहे कबूल?"

मी कबूल केलं आणि त्या दिवसापासून माझी झोप कमी झाली.

तुम्हीही अशी खाली बसणारी गाडी घेऊन जाणार असाल तर तयारीबद्दल थोडं. चारही टायर नवे घातले. ब्रेकचं ऑइल, पॅड, कूलंट आणि पट्टे बदलले. इंजिनखाली जे ऑइलचं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. या गाडीत सगळ्यात खाली तेच आहे. ते फुटलं की ऑइल रस्त्यावर आणि इंजिन भंगारात. म्हणून त्याखाली जाड पत्र्याचं गार्ड बसवलं. वरचं तेरा सेंटिमीटर हे गार्डपासूनचं माप आहे. विमा कंपनीला विचारून विम्यात नेपाळ जोडून घ्या, थोडा जादा हप्ता पडतो. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं.

आणि सुटे भाग. इथे मला थांबवायला कुणी नव्हतं. फॅनबेल्ट, पेट्रोलपंप, ब्रेक पॅडचा दुसरा जोड, ऑइलचे दोन मोठे कॅन, कूलंट, मोठा जॅक, पूर्ण टूलबॉक्स आणि एक जादा चाक. डिकी बॅगांनीच भरली, तेव्हा चाक सीटच्या मागे कोंबलं आणि टूलबॉक्स माझ्या पायाशी आला. काकूंनी दशम्या आणि चटणीचा डबा दिला. तो मांडीवर.

रविवारी पहाटे निघालो. सोसायटीच्या गेटवर पोचलो आणि खालून आवाज आला, खर्रर्र.

वॉचमन धावत आला. काकांनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काठावर पास ना रे?"

चूक काय झाली ते मला त्या आवाजातच कळलं. गॅरेजमध्ये गाडी नेहमी रिकामी मोजतात. आत माणूस नाही, सामान नाही. दोन गाड्यांची मापं ताडून पाहता यावीत म्हणून ती पद्धत आहे आणि सवयीने मी तसंच मोजलं होतं. पण पोखऱ्याला रिकामी गाडी जाणार नव्हती. भरल्या अंगाचे काका, मी, आणि माझ्या काळजीचं वजन धरून गाडी दहा सेंटिमीटरवर आली होती.

"काका, मी उतरतो," मी म्हणालो. उतरलो. गाडी पुढची-मागची चाकं तिरकी घालत अलगद पार झाली. मी परत बसलो.

मग वाघोलीच्या गर्दीतून सुटेपर्यंत आणि नगर रस्त्यावर पुढे प्रत्येक गावाला हेच चाललं. स्पीडब्रेकर दिसला की मी उतरायचो, तो ओलांडून चालत पुढे जायचो आणि बसायचो. एका गावात लागोपाठ तीन होते. तिसऱ्याला टपरीवरच्या एका आजोबांना राहवलं नाही.

"काय पाव्हणं, सारखं खाली उतरवत्यात व्हय तुम्हाला? भांडान झालंय का?"

"नाही हो आजोबा, गाडी टेकते."

"मग मोठी घ्यायची की! पैसं कमी पडलं व्हय?"

मी नीट बसायच्या आत काकांनी गिअर टाकला.

छत्रपती संभाजीनगरनंतर समृद्धी महामार्गावर चढलो आणि माझे पाय सुटले. तिथे स्पीडब्रेकर नाहीत. काँक्रीटवर टायर तापतात, तेव्हा चढण्याआधी हवा तपासा, पाणी सोबत ठेवा, आणि पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की पुढच्या पंपाची वाट न बघता भरा. छत उघडलं. इंजिनचा एकसारखा आवाज, दोन्ही बाजूंना कपाशी, आणि काका शंभरच्या आसपास. त्यांनी गाडी खरेदी केल्यापासून पहिल्यांदा ती पाचव्या गिअरमध्ये इतका वेळ धावली असेल. त्या पट्ट्यात मी तासभर काळजी करायची विसरलो.

नागपुरात माझ्या मावशीकडे मुक्काम. तिने गाडीभोवती एक फेरी मारली.

"एवढी महाग गाडी अन् दोनच सीटा? काऊन, बाकीच्या दुकानदारानं ठेवून घेतल्या का?"

जेवण झाल्यावर मी ठरवलं की सामान कमी करायचं. पण मी आणि काका आत बसल्याशिवाय खरं माप येणार नाही, आणि आम्ही आत बसलो तर पट्टी कोण वाचणार? मावशी पदर खोचून खाली वाकली. एक वस्तू बाहेर काढायची, आम्ही दोघांनी आत बसायचं, मावशीने आकडा सांगायचा. जादा चाक काढलं. जॅक काढला. कॅन काढताना माझा हात रेंगाळला.

"ठेव ना बाबू खाली," मावशी म्हणाली. "तेल काय फक्त पुण्यातच भेटते का?"

ऑइलची एक बाटली, फॅनबेल्ट, पंक्चरचं सामान, हवा भरायचा छोटा पंप, फ्यूज आणि दोर एवढं ठेवलं. बाकी सगळं तिच्या दिवाणाखाली गेलं. आकडा बारावर आला. गाडीतून उतरलो तेव्हा मलाच हलकं वाटत होतं, आणि त्याची भीतीही वाटत होती.

पुढे जबलपूरमार्गे रीवा. घाटातला जंगलाचा रस्ता सुंदर आहे, पण माकडांमुळे छत बंद ठेवा. रीवात दोघांना मिळून अठराशेत स्वच्छ खोली मिळाली. तिसऱ्या दिवशी गोरखपूर. चौथ्या दिवशी सकाळी सुनौलीची सीमा. तिथे दोन कामं असतात: गाडीचा भन्सार, म्हणजे जकातीची दिवसांवर आकारली जाणारी पावती, आणि वाहतूक परवाना. दलालाची गरज नाही, रांगेत उभं राहिलं की होतं. आपल्या शंभरच्या नोटा पलीकडे सहज चालतात. पाचशेची नोट काढली की लोक नको म्हणून मान हलवतात. खिडकीतल्या साहेबांनी गाडीत डोकावून "दुई जना मात्र?" असं विचारलं. दोघंच का, असा त्याचा अर्थ. काका मराठीत म्हणाले, "मात्र."

बुटवलपर्यंत सगळं छान होतं. पुढे रस्तारुंदीचं काम सुरू होतं, आणि आदल्या रात्री तिथे पाऊस झाला होता. ट्रकच्या चाकांनी चिखलात दोन खोल चर पाडले होते आणि मधे मातीचा उंच वरंबा. चाकं चरात गेली की तो वरंबा नेमका गाडीच्या पोटाला येणार.

मी पट्टी घेऊन चालत पुढे गेलो. सुरुवातीला वरंबा दहाचा, अकराचा होता. मी गाडीतून उतरलो असतो तर निभलं असतं. वळणापलीकडे तो सोळाचा झाला, आणि मातीतून खडीचे दगड वर आलेले. चपला चिखलात रुतवत परत आलो.

"जमेल का?" काकांनी विचारलं.

"गार्ड आहे खाली. हळूहळू घासत गेलं तर कदाचित जमेल."

"आणि नाही जमलं तर?"

"चेंबर फुटेल."

काकांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "ट्रकवर घातली की अट मोडली. हे लक्षात आहे ना? मी तुला काहीच सांगणार नाही. गाडी माझी आहे, नुकसान दोघांचं. तू ठरव."

बाजूला एक रिकामा ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर मघापासून आमची गंमत बघत होता. तो जवळ येऊन वाकला, गाडीखाली पाहिलं आणि म्हणाला, "भैया, ये गाड़ी नहीं है, चप्पल है. इसको हाथ में लेके चलो."

मला गाळ्याचं शटर दिसत होतं. तिथे कुठे लिफ्ट बसवायची, कुठे हवेचा कॉम्प्रेसर, सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. साठ हजार जमवायला मला अजून दीड वर्ष लागलं असतं, आणि तोवर ती जागा रिकामी राहिली असती? कदाचित निघालीही असती गाडी. पण "कदाचित" या शब्दावर मी गिऱ्हाइकाची गाडी कधी गॅरेजबाहेर सोडलेली नाही.

"ट्रकवर घालू," मी म्हणालो.

काका फक्त "बरं" म्हणाले.

ड्रायव्हरने ट्रकची मागची बाजू रस्त्याकडेच्या मातीच्या उंचवट्याला भिडवली. उंचवटा आणि ट्रकची फळी एका पातळीत आली. गाडी आधी उंचवट्यावर नेली आणि तिथून सरळ ट्रकमध्ये. दोराने बांधली, चाकांना दगड लावले. आम्ही ड्रायव्हरशेजारी बसलो. खाली तो सोळा सेंटिमीटरचा वरंबा सरकत होता आणि पुढे तर तो गुडघ्याएवढा झाला. मला वाईट वाटत होतं, पण छातीतली धडधड मात्र थांबली होती. रस्त्याचं काम संपलं तिथे तशाच एका उंचवट्यावर गाडी उतरवून घेतली आणि परतीच्या दिवसासाठी त्याच ट्रकवाल्याचा नंबर घेऊन ठेवला.

मुगलिंगनंतर चांगला डांबरी तुकडा लागला तेव्हा काकांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले. "चालव."

मी ही गाडी आजवर फक्त गॅरेजमधून आत-बाहेर केली होती. आता शेजारी नदी, समोर वळणं, आणि छत उघडं. काका डोक्यावरची टोपी एका हाताने धरून बसले होते. एका वळणानंतर ढग बाजूला झाले आणि बर्फाचा डोंगर इतका वर दिसला, की मी आधी त्याला ढगच समजलो. काका म्हणाले, "रस्त्याकडे बघ. डोंगर मी बघतो."

पोखऱ्यात दोन दिवस राहिलो. तळ्याकाठी खोली, सकाळी चहा, दुपारी डाळभात. डाळभात मागाल तेवढा वाढतात, एकाच पैशात. काका तळ्यासमोर तासन्‌तास बसायचे. मी मात्र गाडी धुतली, चिखल काढला, खालून पाहिलं. गार्डवर एकच ओरखडा होता, तोही आपल्या सोसायटीच्या गेटवरचा. गाळ्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

परतीला पुन्हा तोच ट्रक. नागपूरला दिवाणाखालचं सामान मावशीने दिलं, ते मी ट्रान्सपोर्टने पाठवलं. पुण्यात शिरलो तेव्हा खराडीला ऑफिसं सुटायची वेळ होती आणि शेवटच्या थोड्या अंतराला दीड तास लागला. गेटवर मी उतरलो. काकू खाली आल्या, गाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"दोघंही काळे झालात. गाडी तेवढी होती तशीच आहे."

काका वर गेले आणि शटरची किल्ली घेऊन आले. "अट म्हणजे अट. ट्रक लागला. डिपॉझिट भरावं लागेल." किल्ली माझ्या हातात ठेवली. "महिन्याला पाच हजार. एक तारखेला. दोन तारीख चालणार नाही."

"काका, पण अट तर..."

"अटीत डिपॉझिट माफ करायचं होतं. ते केलेलं नाही. जागा कुणाला द्यायची हे अटीत नव्हतं."

काकू म्हणाल्या, "घे रे ती किल्ली. त्यांचं एवढं लांब वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकतेय."

आता महिना झाला. या प्रवासातलं काय उरलं असं कुणी विचारलं तर मला तळं आणि डोंगर आठवतोच, पण त्याआधी ट्रकच्या केबिनमधली ती शांतता आठवते. मी आता प्रत्येक गाडी दोनदा मोजतो: एकदा रिकामी, एकदा मालकाला आत बसवून. गिऱ्हाइकं हसतात, पण बसतात.

जाणाऱ्यांच्या सोयीसाठी हिशोब. तयारी, टायरसह: पंचावन्न हजार चारशे. पेट्रोल: अडतीस हजार सहाशे. टोल: आठ हजार नऊशे. राहणं: तेवीस हजार पाचशे. खाणं: अकरा हजार दोनशे. भन्सार आणि परवाना: दोन हजार दोनशे. ट्रक, जाता-येता: नऊ हजार चारशे. एकूण एक लाख एकोणपन्नास हजार दोनशे, सगळे काकांचे.

माझं देणं: डिपॉझिटचे साठ हजार. पैकी पाच हजार एक तारखेला दिले, पंचावन्न बाकी.

माझं येणं: गार्ड काढून, ओरखडा घासून, रंग देऊन परत बसवल्याचे आठशे वीस रुपये, दामले काकांकडून. नव्या गॅरेजचं पहिलं बिल. दोनदा मागितले. "हप्त्याने देतो," म्हणाले.