बरगडीवर दहा टिचक्या

आयुष्यात दारूचा एक थेंबही न घेता मी त्रेसष्टाव्या वर्षी दारुड्यांच्या आजाराची मानकरी ठरले. निदान माझी तरी तशी खात्री होती.

(आज मी सत्तरी ओलांडलीय. तेव्हा तरुण होते, म्हणून अक्कल कमी होती.)

पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली. वाटलं होतं खडे निघतील. निघालं फॅटी लिव्हर! आमच्या येरवड्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, फक्त एक तपासणी करून घ्या. सुई नाही, कापाकापी नाही. बरगडीवर यंत्र टेकवतात आणि लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात."

कडक झालंय! पुढचं मी ऐकलंच नाही.

माझा थोरला भाऊ लिव्हरनंच गेला. पोट मडक्यासारखं फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि शेवटी शेवटी तर मलाच विचारायचा, "बाई, आपण कोण?" तो प्यायचा. तो गेल्यावर मी विहारातल्या महिला मंडळात शिरले आणि पाचव्या शीलावर, म्हणजे नशेपासून लांब राहण्यावर, भाषणं ठोकू लागले. "लिव्हर जातं ते दारूनंच!" हे माझं ठेवणीतलं वाक्य. पंचवीस वर्षं माईकवर ओरडून मी ते अख्ख्या वस्तीला पाठ करून दिलं होतं. आता त्याच वस्तीत माझं लिव्हर बिघडल्याची बातमी फुटली तर?

"अहो, लोक म्हणतील बाई चोरून पीत होती!" मी रडत म्हटलं.

हे पोस्टातून निवृत्त झालेले. कुठलीही बातमी शांतपणे पोचवायची सवय. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पितेस का?"

"अहो, काय बोलता!"

"मग कशाला रडतेस?"

"मरणार आहे मी! दादासारखी! आणि वर बदनाम होऊन!"

"एका वेळी एकच काय ते ठरव," एवढं बोलून ह्यांनी पान उलटलं.

ती तपासणी येरवड्यातही होत होती. पण तिथल्या दवाखान्यात दर दुसरी बाई आमच्या मंडळातली! म्हणून सुनेला, स्नेहलला, गाठलं. तिच्या हिंजवडीच्या कंपनीत आरोग्य शिबिर होतं, घरच्यांनाही मोफत. हिंजवडीत मला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं.

"आई, फक्त तीन तास काही खाऊ नका हं," स्नेहल म्हणाली.

तीन तास? मरणाच्या दारातली बाई एवढ्यावर भागवते होय! मी आदल्या दुपारपासूनच तोंड बंद केलं. पाणीसुद्धा नाही. (मला वाटलं, जेवढं पोट रिकामं तेवढा रिपोर्ट चांगला. शाळेतही परीक्षेच्या वेळी माझी अक्कल अशीच चालायची.) सकाळी वंदना घेतली, ह्यांना गॅसचं पुस्तक आणि विम्याचे कागद कुठे आहेत ते दाखवलं, आणि तोंडाला ओढणी गुंडाळून निघाले.

हिंजवडीच्या वाहतुकीत दोन तास गेले. उन्हं चढली. रडून रडून डोळे लाल झालेले, जीभ टाळूला चिकटलेली. कंपनीच्या फाटकाशी रिक्षातून उतरले, तर जमीन डावीकडे आणि मी उजवीकडे! फाटकावरचा वॉचमन तिथल्याच गावचा. त्यानं मला दंडाला धरलं, ओढणी बाजूला करून चेहरा पाहिला आणि हळूच विचारलं,

"मावशी, सकाळी सकाळीच घेतलीय व्हय?"

पंचवीस वर्षांची भाषणं माझ्या डोळ्यांसमोरून सरकली. मला ओरडायचं होतं, "मी महिला मंडळाची अध्यक्ष आहे!" पण कोरड्या तोंडातून निघालं ते "म्म... मंडळ... अध्यक्ष..."

"हाय हाय, तुमीच अध्यक्ष," वॉचमन समजूत काढत म्हणाला. "बसा हितं सावलीला."

तेवढ्यात स्नेहल धावत आली. "अहो, या माझ्या सासूबाई आहेत!"

वॉचमननं तिच्याकडे इतक्या कणवेनं पाहिलं, की त्या पोरीच्या संसाराची मलाच दया आली.

शिबिरात एका पोरीनं मला झोपवलं. उजवा हात डोक्यामागे, बरगडीवर गार चिकट मलम. मग यंत्र टेकवलं आणि... टक्! आतून कुणीतरी टिचकी मारली.

"गेले!" मी किंचाळले.

"आजी, अजून नऊ आहेत."

प्रत्येक टिचकीला मला दादा दिसत होता. टक्! पोट. टक्! डोळे. टक्! "बाई, आपण कोण?" ती पोरगी नुसती पडद्याकडे बघत होती. सहाव्या टिचकीला तिनं भुवई उचलली. मी मनातल्या मनात ह्यांचं दुसरं लग्नही लावून मोकळी झाले.

"बाळा, खरं सांग," शेवटी मी तिचा हात धरला. "किती दिवस?"

"कशाचे? लिव्हर मऊ आहे तुमचं. कडकपणा नाही. चरबी मात्र भरपूर साठलीय."

"पण मी पीत नाही गं! शपथ!"

"प्यायलाच हवी असं कुठाय? गोड, तळलेलं, बसून राहणं, वजन. न पिणाऱ्यांनाही होतं. आत्ता सांभाळलंत तर कमीही होईल." तिनं एक पत्रक हातात दिलं. "हे नीट वाचा. आणि आजी, तीन तास उपाशी म्हणजे तीनच तास हं!"

दादासारखी मरणार नव्हते! बदनामही होणार नव्हते! बाहेर टेबलावर कंपनीनं सगळ्यांसाठी नाश्ता ठेवला होता. आधी तीन पेले पाणी ढोसलं. वीस तासांची उपाशी बाई, जीव वाचलेला, समोर गरम गुलाबजाम. बशा संपल्या होत्या. मी ते पत्रक अंथरलं, त्यावर चार गुलाबजाम घेतले, आणि डोळे मिटून आयुष्याचे आभार मानले.

"आई, काय सांगितलं त्यांनी?" स्नेहलनं विचारलं.

मी रिकामं पत्रक उचलून उजेडात धरलं. पाकानं अक्षरं पार विरघळली होती. एकच ओळ वाचता येत होती, तीही चौथा गुलाबजाम घशाखाली उतरल्यावर: "गोड पदार्थ आजपासूनच बंद करा."

म्हटलं, "उद्यापासून सुरू करायचं म्हणाल्या."