कोडीच्या नावाचा केक

प्वेब्लोतल्या आमच्या खिडक्यांच्या कारखान्यात बढती कुणाला मिळाली ते केकवरून कळायचं. डग मॅनेजर दुपारच्या सुट्टीत केक आणायचा, वर क्रीमनं नाव. टाळ्या वाजवा, खा, कामाला लागा! माझ्या शेजारी काम करणाऱ्या बर्नडेटनं एकोणीस वर्षांत असे सहा केक खाल्ले. बढती मिळालेल्या त्या सहा जणांतल्या चौघांना काच बसवायला तिनंच शिकवलेलं.

मग आमच्या कोलोराडो राज्यात कायदा आला. बढतीची जागा निघाली की निवड करायच्या आधी सगळ्या कामगारांना कळवायचं, पगारासकट. एका सोमवारी फळ्यावर कागद लागला: सुपरवायझर, ताशी सत्तावीस ते चौतीस डॉलर, अर्ज शुक्रवारपर्यंत. बर्नडेटला तेवीस मिळत होते. हातातला हिरव्या मिरचीचा बरिटो खायचं विसरून ती कागदाकडे बघत राहिली.

"मी अर्ज करते," ती म्हणाली.

"नाही केलास तर माझ्याशी बोलू नकोस," मी म्हटलं.

सोमवारीच तिनं अर्ज दिला. आणि मंगळवारी टेबलावर केक! 'अभिनंदन कोडी.' कोडी म्हणजे डगच्या मासेमारीतल्या दोस्ताचा मुलगा, येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. डगनं सवयीनं बेकरीत आधीच सांगून ठेवलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बर्नडेट मात्र शांतपणे पुढे झाली. "थांबा साहेब. अर्ज शुक्रवारपर्यंत आणि निकाल मंगळवारी?"

"अगं बर्नी, नुसता केक आहे तो."

"मग थांबेल की शुक्रवारपर्यंत."

तिनं डब्याला झाकण लावलं, केक फ्रीजरमध्ये ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'हात लावू नये. पुरावा.'

गुरुवारी मालकीणबाई बर्फ घ्यायला आल्या आणि त्यांनी ती चिठ्ठी वाचली. डगला आत बोलावून त्यांनी काय सुनावलं देव जाणे, पण मुलाखती त्यांनी स्वतः घेतल्या.

"पगार किती हवा?" त्यांनी बर्नडेटला विचारलं.

"चौतीस. तुमच्याच कागदावर लिहिलाय."

जागा तिला मिळाली, चौतीसवर. डग पडेल चेहऱ्यानं नवा केक मागवायला निघाला.

"कशाला? आहे ना एक," म्हणत तिनं तोच बाहेर काढला. कोडीनं लाजत स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव खरवडलं. पोरगा वाईट नाही हो, त्यानं तर अर्जही केला नव्हता. पहिला तुकडा तिनं त्यालाच दिला.

"पुढच्या वेळी अर्ज कर रे."

"पण जागा निघाली हे कळणार कसं?"

"मी लावेन ना कागद," बर्नडेट म्हणाली आणि 'अभिनंदन' लिहिलेला तुकडा स्वतःच्या ताटलीत घेतला.