आत्याचा फॉर्म, बेडकाची तंगडी आणि खोपटची एसटी

लोक लडाखला जातात, स्पितीला जातात. मी डोंबिवलीहून ठाण्याला गेलेलो, तेही उलटं कल्याणला जाऊन, आणि त्याच्यावर ब्लॉग लिहितोय. हसा खुशाल. पण आधी कारण ऐका.

बँकेतून लवकर निवृत्ती घेतली तेव्हा बायको म्हणाली, "दिवसभर किचनमध्ये लुडबुड नको, काहीतरी शिक." म्हणून बाहेरून इंग्रजीत एम.ए. करायला घेतलं. या सत्रात एक गाजलेली गॉथिक कादंबरी आहे, दोनशे वर्षांपूर्वीची. एक हुशार विद्यार्थी मेलेल्यांचे अवयव जोडून नवा माणूस उभा करतो, तो माणूस डोळे उघडतो, आणि हा दीडशहाणा घाबरून खोलीतून पळ काढतो. पुढे नुसत्या भानगडी. नाव सांगत बसत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच. तर वीस मार्कांचा प्रकल्प होता: कादंबरीमागचा इतिहास आणि विज्ञान. इतिहास कसाबसा रेटला असता, पण विज्ञानात मी शाळेपासून ढ.

विज्ञान म्हटलं की आमच्या घराण्यात एकच माणूस, कल्याणची कुमुदआत्या. वय अठ्ठ्याहत्तर. लग्न केलं नाही, आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. अर्ध्या कल्याणने तिच्या देखरेखीखाली बेडूक फाडलाय. पण गेली दोन वर्षं मी तिला टाळत होतो, तिच्या पर्समधल्या एका फॉर्ममुळे. आत्याला देहदान करायचंय आणि त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. जवळचा म्हणजे मी, एकुलता एक भाचा. मी गेलो की ती चहा टाकायची, मग फॉर्म काढायची, आणि मला नेमकं काहीतरी आठवायचं. कधी गॅसवाला येणार असायचा, कधी पोट बिघडायचं. शेवटी मी जाणंच बंद केलं, फोनही उचलेनासा झालो. जिने मला कडेवर घेऊन दुर्गाडीची जत्रा दाखवली, तिला मी नेऊन कुठल्या टेबलावर ठेवणार? नाही जमत, तर नाही जमत.

पण वीस मार्क होते. मी फोन लावला.

"अरे वा, नितीन! जिवंत आहेस का?" आत्या म्हणाली. मी प्रकल्पाचं सांगितलं. "बेडकांची वीज ना? सांगते की. पण मंगळवारी ठाण्याच्या मेडिकल कॉलेजात माझ्याबरोबर यायचं. तिथलं संग्रहालय बघ, तुझ्या प्रकल्पाला उपयोग होईल."

फॉर्मचं नावही काढलं नाही तिने. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी डोंबिवलीहून रिक्षाने निघालो. पत्रीपुलावर वेळ जातो, हे धरूनच निघा. पोचलो तेव्हा आत्या तयार होऊन बसलेली. किचनमध्ये पाणी प्यायला गेलो तर फ्रिजवर तिची फोन नंबरांची यादी. प्रत्येकापुढे मास्तरणीचा शेरा. गॅस: दोनदा लावावा. प्लंबर: येतो म्हणतो, येत नाही. इस्त्रीवाला: चांगला. आणि खाली माझं नाव, नंबर, पुढे लाल पेनाने: उचलत नाही. प्लंबरच्या खाली होतो मी. पाणी न पिताच बाहेर आलो.

कल्याण डेपोतून ठाण्याची एसटी मिळते, भिवंडी बायपासने माजिवड्यावरून खोपटला नेते. पंचाहत्तरीच्या वरच्यांना प्रवास फुकट. आत्याने कार्ड असं ऐटीत दाखवलं की कंडक्टर जवळजवळ उठून उभा राहिला. मला पूर्ण तिकीट.

बस दुर्गाडीच्या पुलावर आली आणि तास सुरू झाला. वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची सवय तिची गेलेली नाही.

"इटलीतल्या एका डॉक्टरने मेलेल्या बेडकाच्या मांडीला धातू लावले. मांडी उडाली! लोकांना वाटलं, वीज म्हणजेच प्राण. मग काय, जो तो मेलेल्या जनावरांना झटके देत सुटला."

पुढच्या सीटवरचे एक काका पूर्ण वळून बसले. कल्याणजवळच्या मोहन्याच्या रेयॉन कंपनीतून रिटायर झालेले, असं त्यांनी आधीच सांगून टाकलेलं. "मग उठला का बेडूक?"

"छे हो. नुसती तंगडी झाडली."

"मग कशाला एवढा त्रास दिला बिचाऱ्याला?"

"त्यातूनच बॅटरीचा शोध लागला. तुमचा मोबाईल चालतो ना? बेडकाची कृपा." काकांनी मोबाईलकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. मी वहीत भराभरा लिहून घेत होतो.

"आणि त्या काळी शिकायला प्रेतं मिळायची नाहीत," आत्याने आवाज आणखी चढवला. "कबरी उकरून चोरायचे. नातेवाईक राखण करत बसायचे. आणि इथे मी आपण होऊन देतेय, तर हा सही करत नाही!"

अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. एक बाई तर "कसला भाचा आहे" असं मोठ्याने म्हणाल्या. मी विषय बदलायला काकांना कादंबरीची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकली आणि विचारलं, "त्या बनवलेल्या माणसाचं नाव काय ठेवलं?"

"नावच नाही ठेवलं. बनवणारा आधीच पळाला ना."

"अरे देवा. मग त्याला हाक कशी मारायची?"

यावर पुस्तकातल्या कुठल्याच टिपेत काही नव्हतं. माजिवड्याला सिग्नलवर बस वीस मिनिटं उभी राहिली, आणि तेवढा वेळ काका हळहळत होते.

खोपटला उतरून मिसळ खाल्ली. ठाण्यात आलात आणि मिसळ खाल्ली नाहीत तर तुमचं तुम्ही बघा. ऐंशी-नव्वद रुपयांत पोट भरतं, तिखट सांगाल तर रुमाल जवळ ठेवा. आत्याने स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ काढलं, माझी प्रकल्पाची वही वाचली आणि म्हणाली, "तुझा नायक मला ओळखीचा वाटतो."

"कोण?"

"समोर काहीतरी उभं राहिलं की धूम ठोकणारा." मी पाव तोंडात कोंबला.

रिक्षाने कॉलेज गाठलं. शरीररचना विभागातल्या कारकुनाने फाईल उघडली, माझ्या पोटाकडे नजर टाकली आणि विचारलं, "देहदान यांचंच ना?"

"माझं!" आत्या म्हणाली. "याचं कोणी घेणार नाही."

आणि पर्समधून तो फॉर्म निघाला. मी घाईने संग्रहालयात शिरलो. काचेच्या बरण्या, बरण्यांत हृदयं, मेंदू, एक हात. अगदी नीट नखं असलेला हात. मिसळ वर यायला लागली. बाहेर आलो, जिना उतरलो आणि कॅन्टीनबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. म्हणजे पुन्हा पळालोच. पुस्तकातल्यासारखा, वीस मार्कांचा पळपुटा.

शेजारी पांढरा कोट घातलेली एक मुलगी वडापाव खात होती. माझा चेहरा पाहून तिने बाटली पुढे केली. "काका, पाणी घ्या. पहिल्या दिवशी मीपण पळालेले. डायरेक्ट टिटवाळ्याला, घरी."

"मग परत का आलीस?"

"आमच्या टेबलवर बाई होत्या ना. देहदान केलेल्या. नाव आम्हाला सांगत नाहीत, म्हणून आम्ही बाईच म्हणतो. पहिल्या दिवशी सगळे हात जोडून शपथ घेतात आणि मीच नव्हते. घरी जेवण जाईना. वाटलं, बाई तिकडे शिकवायला थांबल्यात आणि मी बंक मारलाय." ती हसली. "वर्षभर शिकवलं हो त्यांनी. एकदापण ओरडल्या नाहीत."

मला एकदम रडायला आलं. वडापाव खाणाऱ्या अनोळखी मुलीसमोर बावन्न वर्षांचा माणूस ढसाढसा. इतके दिवस मला एकच टेबल दिसत होतं, थंडगार. त्याच्या भोवती कोट घातलेली पोरं उभी असतील आणि आत्याला बाई म्हणतील, हे डोक्यातच आलं नव्हतं.

वर गेलो. आत्या कारकुनाशी वाद घालत होती. "खिडकीजवळचं टेबल मिळेल का? मला उजेड लागतो शिकवायला."

"मॅडम, असं बुकिंग नसतं."

"आणि पंखे पुसा. वर्गात ही जळमटं चालायची नाहीत."

मी पेन काढलं. सही केली, नात्याच्या रकान्यात भाचा लिहिलं. सही धड आली नाही. आत्याने फॉर्म नाकाजवळ धरला. "अक्षर अजून तसंच आहे तुझं," म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती. कारकून म्हणाला, "वेळ आली की यांनीच लगेच फोन करायचा, उशीर करून चालत नाही." मी मान हलवली. परतीच्या बसमध्ये आत्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, थेट कल्याणपर्यंत.

ज्यांना ही सहल करायची असेल त्यांच्यासाठी: मंगळवार बरा, गर्दी कमी. कॉलेजात आधी विचारून जा. संग्रहालयाआधी मिसळ नको.

प्रकल्पाला वीसपैकी चौदा मिळाले. नायकाचा खरा गुन्हा माणूस बनवणं नाही, त्याला हाकही न मारता पळून जाणं, असं मी लिहिलेलं. सरांनी शेरा मारला, संदर्भ द्यावा. आता मोहन्याच्या काकांचा संदर्भ कसा देणार?

गेल्या रविवारी जेवायला आत्याकडे गेलो. दोन वर्षांनी. आमटी-भात, भरली वांगी, आणि पोट अजिबात बिघडलं नाही. पाणी घ्यायला उठलो तर फ्रिजवर कॉलेजचं देहदानाचं नवं कार्ड लावलेलं आणि त्याच्या शेजारी जुनी यादी. माझ्या नावापुढचा लाल शेरा पट्टी लावून नीट खोडलेला. त्याच्या वर निळ्या पेनाने एकच शब्द: येईल.