तळ्याचा जुना काठ

१ जुलै १९६३, सोमवार. हजर: सर, पदव्युत्तर वर्गात नव्यानं आलेली सात मुलं, चुन्याच्या फक्कीच्या दोन बादल्या आणि त्या सांभाळायला मी, विभागाची कारकून. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "आधी काठ सांगा."

मुलं गोंधळली. राजाजीनगरपलीकडची नवी वसाहत. घरं, विजेचे खांब, वाळत घातलेल्या साड्या. काठ कसला?

या विषयाला अजून धड नाव नाही. सर त्याला 'गावाचं घरकाम' म्हणत. पाणी कुठून येतं, घाण कुठं जाते, हे आधी पायांनी शिकायचं. म्हणून पहिला धडा इथं. तांबडी माती संपून काळा गाळ लागतो, तिथं फक्की टाकत जायची. बुजलेल्या तळ्याचा काठ गल्ल्यांमधून हळूहळू उमटत जाई.

एका ओसरीवर एक म्हातारे दाढी करत बसले होते. सर अदबीनं, अर्धं कानडीत म्हणाले, "अज्जा, स्वल्प, जरासे पाय वर घ्या. पाणी येतंय." म्हाताऱ्यांनी खरंच पाय वर घेतले, मग साबणाच्या फेसातूनच ओरडले. मुलं हसली. पण रेघ ओलांडून आत गेल्यावर हसणं आपोआप थांबलं. भर दुपारी तिथं गारवा होता, आणि पाखरू नव्हतं.

आत, अगदी खोलगट जागी, सरांच्या धाकट्या भावाचं घर. विहिरीला चटकन पाणी लागलं म्हणून त्यानं हाच प्लॉट निवडला होता, पेढेही वाटले होते. त्याची बायको कॉफी देता देता शांतपणे सांगत होती, संध्याकाळी भिंतीशी लावलेली पितळेची भांडी सकाळी खोलीच्या मध्ये गोळा झालेली असतात. आता सवय झाली, म्हणाली. सरांनी आम्हांला फरशीला कान लावायला सांगितलं. खाली काहीतरी सावकाश भरत होतं. कॉफी कुणी संपवली नाही.

सर भावाला घर सोड म्हणून विनवत. तो चिडायचा. "अण्णा, तळं कधीच मेलं. तुझ्या पोरांना शिकवायला माझंच घर सापडलं?"

"मेलं नाही रे. जरा बाहेर गेलंय."

शेवटी सरांनी अदलाबदल केली. भावाचं कुटुंब सरांच्या उंचावरच्या भाड्याच्या घरात गेलं, सर एकटे इथं आले. रिकाम्या घराला कुलूपच का लावत नाही, मी विचारलं.

"कुलूप लावलं तर तो भाडेकरू ठेवील. मग त्यांची पोरं कुठं झोपतील?"

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस पाऊस रात्रभर कोसळला. सकाळी मुलांना घेऊन मी धावले. पूर नव्हता. तळं परत आलं होतं. लाट नाही, आवाज नाही. आम्ही जिथं फक्की टाकली होती, बरोबर तिथवर पाणी येऊन थांबलं होतं.

माणसं पोहत सरांच्या घरापर्यंत गेली. दाराला आतून कडी, ती तोडली. खुंटीवर कोरडी छत्री. सर नव्हते. पाणी ओसरलं तेव्हाही सापडले नाहीत.

आता दरवर्षी नव्या मुलांबरोबर सरांचा भाऊ येतो. बादली तोच उचलतो, कुणाला हात लावू देत नाही. शेजारची बरीच घरं रिकामी झाली; ते काम मी आणि मुलांनी दारोदार फिरून केलं. त्याची बायको मला बाजूला घेऊन विचारते, भावजींचे दिवस करायचे का? भटजी वाट बघा म्हणतात, भाऊ तर विषयच काढू देत नाही.

सरांच्या मागं राहिलेल्या कामांची यादी माझ्या वहीत आहे; बाकी कामं मी खोडली आहेत. दिवसांचं एवढं एक राहिलं आहे.