कठड्याजवळचा लाल ठिपका

आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये माझी एक गोष्ट चालते. ऐंशीच्या दशकात आम्ही नवराबायको अलास्काच्याही पलीकडे, बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलॉफ बेटांकडे एका लहानशा बोटीने गेलो होतो. बेटावर पाय ठेवायचा तर मोठ्या बोटीवरून रबरी होडीत उतरावं लागे. बायको घाबरली आणि उतरलीच नाही. मी एकटा गेलो, सील पाहिले, हजारो पक्षी पाहिले, फोटो काढून आणले. ती बिचारी कठड्याला धरून माझी वाट बघत उभी राहिली. यंदा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या मुलीने फोन केला. "काका, काकूंची ती बोटीची गोष्ट लिहा ना. माझी आई अजून हसते." मी हो म्हणालो.

लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. गोष्ट खोटी आहे. बेटावर ती गेली होती. घाबरलो होतो मी.

एवढंच लिहून कागद पाठवून द्यावा असं वाटलं होतं. पण दुसरीच अडचण निघाली. ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगत आलो आहे की डोळे मिटले तर मला किनाऱ्यावरूनच बोट दिसते. धुक्यात उभी असलेली पांढरी बोट आणि कठड्यापाशी लाल जाकीट घातलेली एक लहानशी आकृती. बुटांखालचे ओले गोटेसुद्धा जाणवतात. मी त्या किनाऱ्यावर कधी उभाच नव्हतो. मग हे गोटे आले कुठून? तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यातलं किती खरं आठवतंय आणि किती सांगून सांगून तयार झालंय, याची खात्री मी देऊ शकत नाही.

तेव्हा आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीत नवीनच घर घेतलं होतं. मी एका कंपनीत इंजिनिअर. बायको प्राणिशास्त्रात एम.एस्सी., पण इथे तिला त्यातलं काम मिळालं नाही. ती गावातल्या लायब्ररीत अर्धवेळ पुस्तकं लावायची. गाडी शिकली होती, पण हायवेवर घालायची नाही. ट्रक शेजारून गेला की तिचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडत. सगळीकडे आतल्या रस्त्यांनी जायची आणि उशिरा पोचायची. यावरून तिची थट्टा व्हायची, आणि थट्टेत मी पुढे असायचो.

तिला एक अंडं बघायचं होतं. गिलमॉट नावाचा पक्षी थंड समुद्रातल्या कड्यांवर राहतो. काळी पाठ, पांढरं पोट, ओळीने उभे राहिले की कोर्टाबाहेरच्या वकिलांसारखे दिसतात. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या दगडाच्या कपारीवर एकच अंडं घालतो. अंडं एका टोकाला चांगलंच निमुळतं. कॉलेजात तिला शिकवलं होतं की त्या आकारामुळे धक्का लागला तरी अंडं जागच्या जागी गोल फिरतं, खाली पडत नाही. या अंड्याचं चित्र तिने परीक्षेत काढलं होतं आणि त्याबद्दल ती मला लग्नाआधी, पहिल्याच भेटीत बोलली होती. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं, आणि आवडलंही होतं.

लायब्ररीत एके दिवशी तिच्या हाती त्या बोटीचं माहितीपत्रक आलं. घरी आणलं, फ्रिजवर लावलं, बोलली काहीच नाही. शेवटी मीच म्हणालो, जाऊ या. आमच्या लहान मुलीला एका मित्राच्या घरी ठेवलं आणि निघालो. विमानात ती खिडकीतून खाली बघत होती. मी तिला म्हणालो, "घाबरू नकोस. मी आहे ना." ती म्हणाली, "मी कुठे काय म्हणाले?"

बोटीवर पहिल्यापासून माझा गोंधळ उडाला. बाकीचे प्रवासी बहुतेक निवृत्त अमेरिकन, गळ्यात भल्यामोठ्या दुर्बिणी. पक्ष्याचं नाव ओरडायचे आणि सगळे एका बाजूला धावायचे. मी पोचेपर्यंत पक्षी गेलेला असायचा. प्रत्येकाला बोटीकडून एकसारखं लाल जाकीट मिळालं होतं. टोपी ओढली की बाई कोण आणि पुरुष कोण कळत नसे. एकदा मी भलत्याच आजीबाईंना "चल, चहा घेऊ" असं मराठीत म्हणालो आणि त्या आनंदाने माझ्याबरोबर आल्या. अंधार पडायचा नाही, धुकं हलायचं नाही. बोट पुढे चालली आहे की थांबली आहे हे मला इंजिनाच्या आवाजावरून ओळखावं लागे. बोट लागू नये म्हणून घरून आणलेला आलेपाक मी एकट्याने संपवला. बायकोला काही होत नव्हतं. ती दोन वेळा पोटभर जेवून डेकवर उभी असायची.

बेटावर उतरण्याच्या आदल्या दिवशी गाइडने सगळ्यांना समजावलं. बोटीच्या अंगाला लावलेल्या शिडीवरून खाली यायचं. होडी लाटेबरोबर वरखाली होते. ती वर आली की एक हात सोडून पुढे करायचा. खलाशी तुमचं मनगट धरतो, तुम्ही त्याचं धरायचं, आणि पाय टाकायचा. मी खोलीत बायकोकडून याची तालीम करून घेतली. "नुसती बोटं नाही धरायची. मनगट. असं. आणि मी सांगेन तेव्हाच हात सोड."

"तुम्ही माझ्या आधी उतरणार ना? मग सांगणार कसं?"

"खालून सांगेन."

सकाळी रांगेत मी तिच्या पुढे होतो. गळ्यात कॅमेरा. शिडीच्या शेवटच्या पायरीवर आलो. होडी वर आली. खलाशाने हात पुढे केला. "नाऊ, सर." होडी खाली गेली. पुन्हा वर आली. "नाऊ, सर." माझा डावा हात दोराला होता, उजवाही दोराला होता. मला हात सोडायचा होता. याबद्दल मी आजही शपथ घेऊ शकतो. हात सुटत नव्हते. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "टेक युअर टाइम, डियर." बहुतेक चहावाल्या आजीबाई.

मागून बायको हळूच म्हणाली, "अहो, हात सोडा."

"सोडतोय."

होडी आणखी एकदा येऊन गेली.

"बरं," ती म्हणाली, "मग जरा बाजूला व्हा."

आवाजात राग नव्हता. दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण सांगतो तसं तिने सांगितलं. मी अंग चोरून तिच्या मागे, वरच्या पायरीवर सरकलो. तिने माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून स्वतःच्या गळ्यात घातला, मनगट पुढे केलं, खलाशाचं धरलं आणि उतरली. होडी धुक्यात शिरताना तिने मागे वळून हात केला की नाही, आठवत नाही. माझ्या गोष्टीत मी हात करतो.

मी सकाळभर कठड्यापाशी उभा होतो. धुकं मधूनच विरळ व्हायचं आणि काळा किनारा दिसायचा. सीलांचा आवाज येत होता, गुरांच्या बाजारात येतो तसा. त्यात तिचा आवाज आहे का, म्हणून मी कान देत होतो. कशाला, कोण जाणे.

ती परत आली तेव्हा गाल लाल झाले होते आणि अंगाला कसलातरी उग्र वास येत होता. शिडी चढता चढताच तिने सुरुवात केली, "अहो, ते अंडं ना—"

मी म्हणालो, "भिजली आहेस. आधी कपडे बदल."

ती खोलीत गेली. नंतर मी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. पुढे समुद्र खवळला, बाकीच्या बेटांवरचं उतरणं रद्द झालं. म्हणजे बेट काय ते तेवढंच, आणि ते तिने पाहिलं.

त्या काळी कुणी लांबचा प्रवास करून आलं की स्लाइड शो व्हायचा. आमच्याही बेसमेंटमध्ये झाला. पुरुष आणि मुलं खाली गालिच्यावर, बायका वर स्वयंपाकघरात गरम पुऱ्या तळत होत्या. प्रोजेक्टर माझ्याकडे, म्हणून बोलणं माझ्याकडे. सील, पफिन पक्षी, कडे, फुलं. मी खोटं काहीच सांगत नव्हतो. फक्त 'हा बघा', 'हे बघा' म्हणत होतो. मग किनाऱ्यावरून काढलेली बोटीची स्लाइड आली. कठड्यापाशी एक लाल ठिपका.

माझा एक मित्र, बोलायला मोकळा, ओरडला, "ते लाल काय रे? कुणी लुगडं वाळत घातलंय?"

तो ठिपका मी होतो. मी म्हणालो, "ती आमची."

"म्हणजे वहिनी उतरल्याच नाहीत?"

"हायवेवर जात नाही ती. होडीत कसली उतरते!"

सगळे खो खो हसले. हसू ओसरल्यावर मी वर बघितलं, तर ती जिन्यात उभी होती, हातात झारा. म्हणाली, "पुऱ्या गार होताहेत. चला वर." तिने ऐकलं होतं की तेवढ्यात आली होती, हे मला त्या दिवशी कळलं नाही. मी विचारायला हवं होतं. त्याऐवजी जेवताना मी अंड्याचं सांगितलं. पक्षी उडाला, अंड्याला धक्का लागला, अंडं कसं जागच्या जागी गर्रकन फिरलं, हे सगळं मी हाताने दाखवलं. ती वाढत होती. पोरांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

मिनेसोटात जिकडेतिकडे तळी. दर उन्हाळ्यात मंडळाची सहल तळ्यावर. सगळे नावा काढायचे आणि कुणीतरी आपुलकीने म्हणायचं, "वहिनी, तुम्ही इथेच बसा हं. सामानाकडे लक्ष ठेवा." ती झाडाखाली खाण्यापिण्याच्या पेट्यांशेजारी, कूलरपाशी बसायची. नावेतून वळून बघितलं की दिसायची, लहान होत जाणारी. मी वल्हं मारत राहायचो. हे एकदोन वर्षं नाही चाललं. मुलगी मोठी झाली ती 'आईला बोट आवडत नाही' हे जसं काही आईला शेंगदाणे चालत नाहीत असं धरून.

या उन्हाळ्यात मुलीकडे दुपारी जेवायला गेलो होतो. सगळ्यांनी मिळून बोटीतून फिरून यायचा बेत चालला होता. मुलगी म्हणाली, "आई, डोन्ट वरी, यू कॅन स्टे विथ द कूलर."

मी चमचा खाली ठेवला आणि सांगितलं. सगळं. शिडी, दोर, 'बाजूला व्हा'.

मुलगी उठली आणि तिने मला मिठी मारली. "ऑ, बाबा! दॅट्स सो स्वीट. तू आईला कव्हर करतोयस."

"अगं, खरं सांगतोय."

"आय नो, आय नो."

जावई म्हणाला, "आई, बाबांनी मार्क मारले आज!" सगळे हसले. मी बायकोकडे बघितलं. एक शब्द तिने बोलायचा होता. तिने आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

परत येताना गाडी ती चालवत होती. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तीच चालवते, हायवेवरसुद्धा. ट्रक शेजारून गेला तरी बोलत राहते. हे कधी आणि कसं झालं, त्याकडेही माझं लक्ष नव्हतं.

मी विचारलं, "तू बोलली का नाहीस? आज? आणि तेव्हा?"

"काय बोलायचं होतं?"

"की तू गेली होतीस."

"विचारलं का कुणी?" तिने आरशात बघून लेन बदलली. "तुमच्या गोष्टीत वास नसतो कधी. ज्याने ते बेट पाहिलंय तो आधी वासाचं बोलेल. मला वाटायचं, कुणालातरी कळेल. एवढी शिकलेली माणसं."

थोडं पुढे गेल्यावर ती स्वतःहून म्हणाली, "आणि ते अंडं गोल फिरत नाही."

"म्हणजे?"

"मी बघत होते. गाइडने दाखवलं. वरून सीगल आला, पक्षी सगळे एकदम उडाले आणि अंडं घरंगळलं. कडेपर्यंत गेलं. मला वाटलं, आता फिरेल. आता फिरेल." स्टिअरिंगवरचा तिचा एक हात किंचित उचलला गेला. "पडलं. खाली दगडावर. तेच सांगत होते तुम्हाला शिडीवर."

मी म्हणालो, "मी तर जन्मभर सांगतोय की—"

"हो. ऐकत होते मी."

ती रागावली होती का? मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. तिचा चेहरा रस्त्याकडे होता.

हे लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिलं. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन तिने शेवटपर्यंत वाचलं. म्हणाली, स्लाइड शोच्या दिवशी पुऱ्या नव्हत्या, बटाटेवडे होते. मला पुऱ्याच दिसतात, म्हणून वर तशाच ठेवल्या आहेत. कुणाचं खरं, ते वाचणाऱ्याने ओळखावं. मी म्हणालो, बेटावरचा भाग तू लिही, तो माझा नाही. ती म्हणाली, तिला मुलीला फोन करायचा आहे, बोटीत आपण येतोय आणि कूलरपाशी बाबा बसतील, हे सांगायला.

फोन लावता लावता तिने मान वळवली. "तुम्हीच लिहा. पण अंडं पडलं असं लिहा."

अंडं पडलं.