उरलेलं तेल

माझा स्वभाव तापट आहे, हे घरात सगळ्यांना मान्य आहे, मला सोडून. भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत कुणाशीही माझं मिनिटात वाजतं. पण आयुष्यात एकदाच जिथे खरोखर तोंड उघडायला हवं होतं, तिथे मी मूग गिळून बसलो. त्याचा राग अजून गेलेला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, रागवायचं तरी कुणावर?

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. चांदवडला हायवेच्या कडेला त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. इंजिन कुणीही दुरुस्त करायचं, पण गिअरबॉक्स आबांकडेच यायचा. सटाण्याहून, कळवणहून लोक ट्रॅक्टर ओढत आणायचे. आबांनी बंद केलेला गिअरबॉक्स पुन्हा उघडावा लागत नाही, असं लोक म्हणायचे. आबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि संध्याकाळी जेवताना आईला सांगायचे. माणसाकडे शेत असतं, घर असतं. आबांकडे हे एक वाक्य होतं.

पुढे हात थरथरू लागले, आई गेली, गॅरेज बंद झालं. आबा नाशिकला माझ्याकडे मखमलाबादला राहायला आले. येताना कपड्यांची एक पिशवी आणि पान्यांची एक पेटी आणली. पेटी जड होती.

मी तेव्हा धरणाच्या बॅकवॉटरला एका शेठकडे होतो. शेठचा द्राक्षांचा एक्स्पोर्ट, काठावर बंगला आणि बंगल्यासमोर एक बोट. साधीसुधी नाही, तीनशे हॉर्सपॉवरची. ती पळायला लागली की पुढचा अर्धा भाग पाण्याच्या वरच असायचा. तिची सगळी देखभाल माझ्याकडे होती. मी ते काम मुंबईला दोन वर्षं राहून शिकलो होतो.

आबांना पहिल्यांदा बोट दाखवली तेव्हा त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. खाली वाकून पाण्याखाली जाणारा भाग पाहिला, जिथे पंखा असतो.

"गिअर कुठं हाय?"

मी हात लावून दाखवलं. दुधी भोपळ्याएवढा भाग. इंजिनाची ताकद वरून उभ्या दांड्याने खाली येते आणि तिथे काटकोनात वळून पंख्याला मिळते.

"एवढ्याशा डबीत तीनशे घोडे?" आबा म्हणाले. "तेल किती मावतं?"

"दोन बाटल्या."

"माझ्या ट्रॅक्टरला डबाभर लागतं. आन् तो चालतो बैलाच्या चालीनं." मग बराच वेळ त्या भागावरून हात फिरवत बसले. "लय जुलूम हाय रं याच्यावर."

त्यांना एका नजरेत कळलं ते शेठला चार वर्षांत कळलं नव्हतं. बोट लाटेवरून उडते तेव्हा पंखा पाण्याबाहेर येऊन मोकळा भणभणतो आणि पुन्हा पाण्यात आपटला की सगळा धक्का गिअरच्या लहानशा दातांवर बसतो. मध्ये तेल असतं म्हणून दात टिकतात. तेल कमी पडलं की संपलं.

खंडेनवमीला आबांचा एक नियम होता. पूजेआधी गिऱ्हाइकाच्या यंत्राचं तेल स्वतःच्या हाताने बदलायचं. मग हळद-कुंकू, झेंडूची माळ. आणि एकदा पूजा झाली की दसरा सरेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. हत्यार वर्षभर राबतं, दोन दिवस त्याला निजू द्यावं, असं ते म्हणायचे. त्या वर्षी सकाळी पेटी घेऊन तयार होऊन बसले. "बोटीचं तेल मी बदलतो."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज चांदवडच्या गॅरेजमधला वाटला. मी त्यांना बोटीपाशी बसवलं, तेलाच्या दोन बाटल्या दिल्या, पंपाची पिशवी शेजारी ठेवली आणि झेंडू आणायला गेलो.

एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे विसरलो नव्हतो, सांगितली नाही. बोटीच्या गिअरला तेल खालून भरतात. खालच्या भोकाला पंपाची नळी लावायची, तेल वर चढवत न्यायचं, आतली हवा वरच्या भोकातून निघून जाते आणि तिथून तेल वाहायला लागलं की भरलं. ट्रॅक्टरला उलट, तेल वरून ओततात. बोटीला वरून ओतलं तर हवा आत अडकते आणि भोक मात्र भरल्यासारखं दिसतं. आता आबांना मी तेल भरायला शिकवणार? मला जीव नकोसा झाला नव्हता.

परत आलो तेव्हा पूजा झाली होती. स्क्रू घट्ट होते, कुंकू लागलं होतं. आबा नारळ फोडून खोबरं काढत होते. पंप पिशवीतून बाहेरच आला नव्हता. शेजारी बारकी चाडी, म्हणजे नरसाळं होतं आणि एक बाटली, जवळजवळ भरलेली.

"तेल उरलं," आबा खुशीत म्हणाले. "आपण वाया नाय घालवत. वरपर्यंत भरलंय, बघ."

मी पाहिलं. जेमतेम एक बाटली आत गेली होती. अर्ध्या तेलावर तीनशे हॉर्सपॉवर. पाना घेऊन तिथल्या तिथे उघडायला हवं होतं. पण पूजा झाली होती, आणि आबा समोर खोबरं धरून उभे होते. म्हटलं, दसरा होऊ दे, परवा सकाळी गुपचूप भरू. बोट काय, उभीच आहे.

दसऱ्याला दुपारी मी आणि आबा बोटीपाशी होतो, तिथे शेठ सोनं द्यायला आले. सोबत पाहुणे. आबांना वाकून नमस्कार केला, आपट्याची पानं हातात दिली आणि मला म्हणाले, "चल, एक राउंड मारू."

"शेठ, आज पूजा झालीये," मी म्हणालो. "आज यंत्र नको."

शेठ थांबलेही असते. पण आबाच हसले. "आरं, पान्याला हात नाय लावायचा. यंत्र पळवायलाच आसतं. आमच्याकडं ट्रॅक्टर गावातनं मिरवतेत आजच्या दिवशी."

"मग हळू घ्या शेठ. नवीन तेल आहे, जरा बसू द्या."

"तेल बसाया काय लागतंय?" आबा म्हणाले. "माझ्या हातचं हाय. पळवा बिनधास्त."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर चार पाहुण्यांसमोर आबांचं ते एकुलतं एक वाक्य पुसायचं. मी गप्प राहिलो. शेठ म्हणाले, "बाबा, तुम्ही पण बसा की." आबा धोतर सावरत बोटीत चढले. जन्मात पहिल्यांदा बोटीत बसत होते. मी त्यांच्या मागे बसलो.

शेठनी बोट बाहेर काढली आणि सगळा दम दिला. आबांची टोपी उडाली, त्यांनी ती पकडली नाही. दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून लहान पोरासारखे हसत होते. मी इंजिनाकडे कान लावून बसलो होतो. आधी एक बारीक शिटी आली. माझ्याआधी ती आबांना ऐकू आली असावी, कारण त्यांचं हसू थांबलं आणि मान एका बाजूला कलली. गॅरेजमध्ये कलायची तशीच. मग खडखड. मी "शेठ, कमी करा" म्हणून ओरडलो, तोवर काडकन आवाज झाला.

बोट पाण्यावर बसली. इंजिन नुसतं बोंबलत होतं, बोट जागची हलत नव्हती. शेठनी दोनदा पुन्हा दम दिला. काही नाही. मी इंजिन बंद करून पंख्यासकट पाण्याबाहेर उचललं. आबा मागे आले, वाकून हाताने पंखा फिरवला. तो सुटा फिरला.

"पिनियन गेला," आबा म्हणाले. म्हणजे पंखा फिरवणारं लहान दातेरी चाक.

काठ लांब होता. एक मासेमारी करणारा होडी वल्हवत आला, त्याने दोर बांधला आणि आम्हाला ओढायला लागला. तासभर तरी लागला असेल. पाहुणे मोबाइल काढून बसले. शेठ माझ्याकडे वळले.

"तेल कुणी बदललं होतं?"

आबा माझ्या समोर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मी, शेठ. घाईत कमी भरलं. चुकलं."

शेठ जे बोलले ते इथे लिहीत नाही, त्यांचा रागही खोटा नव्हता. मी ऐकत होतो, पण कान आबांकडे होते. आबा काही बोलले नाहीत. काठ येईपर्यंत नाही, घरी येईपर्यंत नाही. रात्री जेवले, पाणी प्यायले, झोपले.

काम गेलं. त्याचं मला फार वाटलं नाही. आता दिंडोरी रोडला पत्र्याची शेड आहे, द्राक्षबागेत फवारणीचे ब्लोअर असतात त्यांचे गिअरबॉक्स करतो. मला खाऊन टाकलं ते आबांच्या गप्प बसण्याने. मी नको ते अंगावर घेतलं ते त्यांना वाचवायला, हे खरं. पण हा माणूस चांदवडला स्वतःची चूक झाली तर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सांगायचा. त्यांना कळलंच नाही, की कळून गप्प बसले? मी त्यांच्यावर वर्षभर धुमसत राहिलो. भाजी खारट झाली तरी तोंड टाकायचो. ते ऐकून घ्यायचे. त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही आणि मीही या म्हटलं नाही.

मग पुढची खंडेनवमी आली. मी पाटावर फडकं अंथरलं आणि म्हटलं, "आबा, पेटी आणा."

त्यांनी पेटी आणली नाही. पलंगाखालून ती बाटली काढली. उरलेल्या तेलाची. वर्षभर जपून ठेवली होती. पाटाच्या मधोमध ठेवली.

"खालनं भरायचं व्हतं का रं?"

"नाही आबा. वरूनच."

"मग एवढं उरलं कसं?"

मी पाटावरचं फडकं सारखं करायला लागलो.

"तुझ्या तोंडून ‘मी’ निघालं," आबा म्हणाले, "आन् माझं तोंडच उघडंना. चार जण व्हते. लाज वाटली. मग दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग तिसऱ्या." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. "शेठला फोन लाव. मी सांगतो."

मी लावला. शेठनी माझा नंबर केव्हाच ब्लॉक केला होता. एक रिंग वाजायची आणि कट. आबा म्हणाले, परत लाव. परत लावला. बायकोच्या फोनवरून लावला तर उचलला, आणि माझा आवाज ऐकताच ठेवला. नंतर तोही लागेना. बंगल्यावर जाऊ म्हणाले. बंगला विकलाय, बोटही विकलीये, हे मला त्यांना सांगावं लागलं.

आबांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"मग सांगू कुणाला?" त्यांनी विचारलं.

मी कुंकवाची वाटी पुढे ओढली आणि त्या बाटलीला कुंकू लावलं.